साक्षीदारही तेच, संशयितही तेच

माध्यमांवर संशोधन करू पाहणारा विद्यार्थी ग्रंथालयात आला की पहिला प्रश्न बहुधा असा विचारतो : या विषयावर विश्वासार्ह संदर्भ कोणते मिळतील? प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. विश्वासार्ह, पण कशासाठी, हे त्यात यायचे राहून गेलेले असते. रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला हा उरलेला अर्धा भाग गृहीत धरून चालते, कारण त्याचा अभ्यासविषय प्रयोगशाळेत असतो आणि संदर्भ ग्रंथालयात. माध्यमांच्या अभ्यासकाची गोष्ट निराळी आहे. त्याचा विषय आणि त्याचे पुरावे एकाच कपाटात, पुष्कळदा एकाच पानावर असतात. जुन्या वृत्तपत्राचा बांधीव खंड त्याच्यापुढे येतो तेव्हा ते वृत्तपत्र घडलेल्या गोष्टीचे साक्षीदार असते आणि त्याच वेळी तपासाखाली असलेला संशयितही असते. या दोन भूमिकांची सरमिसळ झाली की चांगल्या संदर्भांवरून वाईट निष्कर्ष निघतात, आणि माझ्या पाहण्यात माध्यम-संशोधनातील बहुतेक घोटाळे खोट्या संदर्भांपेक्षा याच सरमिसळीतून झालेले आहेत.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेत सीबीएस या रेडिओ कंपनीवरून प्रसारित झालेले ऑर्सन वेल्स यांचे नभोनाट्य. एच. जी. वेल्स यांच्या कादंबरीवर आधारलेल्या त्या नाट्यात मंगळावरून आलेल्या हल्लेखोरांची कथा, सुरू असलेला कार्यक्रम मध्येच थांबवून दिलेल्या बातम्यांच्या थाटात सांगितली होती. (देवनागरीत ही दोन्ही आडनावे सारखीच दिसतात, रोमन लिपीत त्यांत एका अक्षराचा फरक आहे आणि ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना तो एक ‘ई’ पुष्कळांना चकवतो.) दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत, अगदी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्याही पहिल्या पानावर, नाटक खरे मानून श्रोत्यांची घबराट उडाल्याच्या बातम्या होत्या. पुढे कित्येक दशके माध्यमांच्या पाठ्यपुस्तकांनी ही घबराट सिद्ध गोष्ट म्हणून सांगितली आणि आजही नवा विद्यार्थी ती तशीच उचलतो.

आता या एका घटनेविषयी ग्रंथालयात काय काय मिळते ते पाहू. एक तर ती वृत्तपत्रे मिळतात. दुसरे, प्रिन्स्टन येथील मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांचे १९४० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक मिळते. सुमारे ६० लाख लोकांनी कार्यक्रम ऐकला आणि त्यांपैकी किमान १२ लाख घाबरले किंवा अस्वस्थ झाले, हा त्यातील अंदाज सर्वत्र उद्धृत होतो. तिसरे, त्या रात्री सी. ई. हूपर या श्रोतृमापन संस्थेने ५,००० घरांत दूरध्वनी करून केलेल्या पाहणीची माहिती मिळते; तिच्यात जेमतेम २ टक्के लोकांनी आपण हा कार्यक्रम ऐकत असल्याचे सांगितले होते. त्याच वेळेला एनबीसी या प्रतिस्पर्धी रेडिओ कंपनीवर एडगर बर्गेन यांचा अतिशय लोकप्रिय कार्यक्रम सुरू होता, हेही विसरून चालत नाही. चौथे, मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेली पत्रे आहेत. प्रसारणानंतर श्रोत्यांनी वेल्स यांना लिहिलेल्या या पत्रांची संख्या हजाराच्या वर जाते.

या चौघांपैकी विश्वासार्ह कोण, असा प्रश्न विचारला की आपण अडकतो. कँट्रिल यांचे पुस्तक विद्यापीठीय आहे, पद्धतशीर आहे, आणि तरीही त्यातील १३५ सविस्तर मुलाखतींपैकी बहुतेक मुलाखती मुळातच घाबरलेल्या म्हणून निवडलेल्या लोकांच्या होत्या. घाबरलेला माणूस नेमका कसा घाबरतो आणि खात्री करून घेण्यासाठी काय करतो किंवा करत नाही, या प्रश्नासाठी त्या मुलाखती सोन्यासारख्या आहेत. एकूण किती लोक घाबरले, याचे उत्तर त्यांतून निघत नाही. हूपरची पाहणी उलट आहे : किती लोक ऐकत होते याचा ती बरा अंदाज देते, पण त्यांच्या मनात काय चालले होते याविषयी ती गप्प आहे. पत्रे लिहिणारी माणसे म्हणजे ज्यांना पत्र लिहिण्याइतके काही वाटले अशी माणसे. गोंधळून मग हसून झोपी गेलेला श्रोता त्यांत सापडायचा नाही. आणि वृत्तपत्रे? घबराट देशभर पसरली होती का, या प्रश्नावर ती सर्वांत कच्ची साक्षीदार आहेत. ठिकठिकाणच्या ऐकीव गोष्टी वृत्तसंस्थेकडे गोळा झाल्या आणि तिथून त्या देशभर पसरल्या; शिवाय रेडिओ तेव्हा वृत्तपत्रांच्या जाहिराती ओढून नेत होता, त्यामुळे रेडिओ हे बेजबाबदार माध्यम आहे असे दाखवण्यात वृत्तपत्रांचा स्वार्थही होता. पण हाच प्रश्न थोडा फिरवून असा विचारा की १९३८ मध्ये वृत्तपत्रे रेडिओकडे कसे पाहत होती, आणि मघाशी कच्चा ठरलेला तोच मथळा त्या कपाटातील सर्वांत पक्का पुरावा होतो. मथळ्यातील एक शब्दही बदललेला नसतो. बदललेला असतो तो आपला प्रश्न.

म्हणून ‘प्राथमिक साधने’ (त्या काळची मूळ साधने) आणि ‘दुय्यम साधने’ (त्यांवरून नंतर लिहिलेली) अशी जी विभागणी पद्धतिशास्त्राच्या पहिल्याच तासाला शिकवली जाते, ती मला माध्यमांच्या अभ्यासात फारशी उपयोगी वाटत नाही, निदान वस्तूंची कायमची जात म्हणून तर नाहीच. चित्रपटाचे परीक्षण चित्रपटाविषयी दुय्यम आहे आणि समीक्षेच्या इतिहासासाठी प्राथमिक आहे. पाठ्यपुस्तक हे तर दुय्यमाहूनही पुढचे साधन मानतात. पण माध्यमांचे परिणाम शिकवले कसे गेले, हा ज्याचा विषय आहे त्याला पन्नास वर्षांची पाठ्यपुस्तके ओळीने मांडून बसावे लागते.

प्रश्न असा धारदार करून घेतला की शोधाचे काम सोपे होते असे नाही, पण निदान त्याला दिशा मिळते. माध्यमांचा विषय ग्रंथालयात एका जागी राहत नाही, ही पहिली अडचण. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, जे १८७६ पासून चालत आले आहे, एकट्या रेडिओवरची पुस्तके किमान चार ठिकाणी विखुरलेली असतात : समाजावरील परिणामांच्या दृष्टीने लिहिलेले पुस्तक ३०२.२३ पाशी, प्रसारणाच्या व्यवसायावरचे ३८४.५४ पाशी, कलाप्रकार म्हणून लिहिलेले ७९१.४४ पाशी आणि यंत्रणेवरचे ६२१.३८४ पाशी. पत्रकारिता मात्र आरंभीच, ०७० मध्ये जाऊन बसलेली. कपाटापाशी उभे राहून आजूबाजूची पुस्तके चाळण्याचा आनंद मोठा आहे आणि तो कुणी सोडू नये, पण माध्यमांच्या अभ्यासकाने एकाच कपाटाशी थांबून ‘या विषयावर आमच्या ग्रंथालयात फारसे काही नाही’ असे म्हणणे म्हणजे घराच्या एका खोलीत डोकावून घर रिकामे आहे असे सांगण्यासारखे आहे.

यावर सूचीतील विषयशीर्षके हा उपाय आहे, आणि तो वापरणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटतात. बहुतेक जण शोधचौकटीत स्वतःला सुचलेले शब्द टाकतात आणि जे येईल ते घेतात. सूची तयार करणाऱ्या ग्रंथपालाने मात्र प्रत्येक पुस्तकाला ठरावीक शब्दांतले शीर्षक दिलेले असते. लेखकाने पुस्तकाच्या नावात ‘सिनेमा’ म्हटले असो, ‘फिल्म’ म्हटले असो किंवा काहीच म्हटले नसो, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकसूचीत ते ‘मोशन पिक्चर्स’खाली सापडते. तेव्हा सरळ मार्ग असा की आपल्याला नक्की उपयोगी ठरलेले एक पुस्तक घ्यावे, सूचीतील त्याची संपूर्ण नोंद उघडावी, तिच्यातील विषयशीर्षके वाचावीत आणि त्या शीर्षकांवरून पुढे जावे. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ ही जोडणी, अवतरणचिन्हांत बंद केलेला शब्दसमूह, वर्षांची मर्यादा, या गोष्टी कुठल्याही डेटाबेसच्या मदतपानावर दहा मिनिटांत समजतात; त्यांवर येथे जागा खर्च करत नाही.

जुन्या वृत्तपत्रांत शोधायचे असेल तर मात्र ही विषयशीर्षके कामाला येत नाहीत, कारण तिथे ग्रंथपालाने प्रत्येक बातमीला शीर्षक दिलेले नसते. तिथे त्या काळाचे शब्द लागतात. १९२० च्या दशकातील ब्रिटिश वृत्तपत्रांत केवळ ‘रेडिओ’ शोधणाऱ्याच्या हाती थोडेच लागेल, कारण तिथला रूढ शब्द ‘वायरलेस’ होता. आरंभीच्या चित्रपटांसाठी बायोस्कोप, किनेमॅटोग्राफ, फोटोप्ले असे शब्द देशपरत्वे आणि वर्षापरत्वे बदलत जातात. कोणते शब्द वापरायचे हे कळण्याचा मार्ग एकच : त्या काळचे दोन-चार अंक शोध न करता, नुसते पानामागून पान वाचून काढणे. हा वेळ वाया जातो असे ज्यांना वाटते त्यांना पुढे त्याच्या कित्येक पट वेळ चुकीच्या शब्दांवर घालवावा लागतो.

त्यातून हेही लक्षात ठेवावे लागते की डिजिटल संग्रहात आपण शोधतो ते पानावर नव्हे. स्कॅन केलेल्या प्रतिमेतून यंत्राने ओळखलेला मजकूर पडद्याआड असतो आणि शोध त्या मजकुरात चालतो. एखाद्या जुन्या इंग्रजी पानाचा तो मजकूर उघडून प्रतिमेशेजारी ठेवून पाहावा. अठराव्या शतकातील छपाईतला लांब ‘एस’ (ſ) यंत्राला ‘एफ’ वाटतो. ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दाचे दोन तुकडे दोन वेगळे शब्द होतात. दोन स्तंभांमधली रेघ पुसट असली की डाव्या स्तंभातल्या बातमीची ओळ उजवीकडच्या औषधाच्या जाहिरातीत शिरते. मागच्या पानाची शाई उमटलेली असेल तर अर्धे अक्षर गायब असते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००९ पासून चालवलेल्या ‘ट्रोव्ह’मध्ये हा मजकूर वाचकांना दुरुस्त करता येतो आणि लोक हौसेने ओळीच्या ओळी दुरुस्त करत असतात, पण अनेक व्यापारी डेटाबेसांत तो मजकूर पाहायलाही मिळत नाही. अशा संग्रहात एखाद्या नावाचे निकाल शून्य आले, तर ते नाव वृत्तपत्रात नव्हते असे म्हणता येत नाही. यंत्राला ते वाचता आले नाही एवढेही कारण पुरते. आणि अमुक शब्द अमुक दशकात दुपटीने वाढला असे आलेख काढणाऱ्यांनी, त्याच दशकात छपाईचा दर्जाही सुधारला होता का, हे आधी पाहायला हवे.

यंत्राने न वाचलेले निदान पानावर तरी असते. काही गोष्टी पानासकट नसतात. ३ नोव्हेंबर १९४८ च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’चा, अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत थॉमस ड्यूई यांनी हॅरी ट्रूमन यांना हरवले असे सांगणारा, चुकीचा मथळा जगप्रसिद्ध आहे, तो अंक हातात धरून हसणाऱ्या ट्रूमन यांचे छायाचित्रही तितकेच प्रसिद्ध आहे. पण तो मथळा त्या दिवसाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत होता, नंतरच्या आवृत्त्यांत बदलला. वृत्तपत्र दिवसातून अनेकदा छापले जाई, आणि मायक्रोफिल्म (पानांच्या सूक्ष्म छायाचित्रांची फीत) करताना सहसा त्यांतली एकच आवृत्ती घेतली जाई. तेव्हा ‘त्या दिवशीच्या अंकात असे होते’ हे विधान, कोणत्या आवृत्तीत, हे सांगितल्याशिवाय अपुरे आहे.

याहून विलक्षण प्रकार २००१ सालचा. मुक्त पत्रकारांनी लिहिलेले लेख त्यांच्या परवानगीशिवाय इलेक्ट्रॉनिक डेटाबेसांना विकता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टासिनी खटल्यात ७ विरुद्ध २ अशा बहुमताने दिला. लेखकांच्या हक्कांच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की प्रकाशकांनी १९८० ते १९९५ या काळातील असे लेख मोठ्या संख्येने डेटाबेसांतून काढून टाकले. छापील अंकात आणि मायक्रोफिल्मवर ते जिथल्या तिथे आहेत. डेटाबेसमध्ये त्यांच्या जागी पोकळीही दिसत नाही, कारण डेटाबेस पान दाखवत नाही, लेखांची यादी दाखवतो. मजकुराच्या डेटाबेसांत छायाचित्रे, व्यंगचित्रे, जाहिराती आणि पानाची मांडणी नसते हे सर्वांना ठाऊक असते, पण ठाऊक असूनही त्यांवरून ‘वृत्तपत्राने या विषयाला किती महत्त्व दिले’ असे प्रबंध लिहिले जातात. तीन ओळींची बातमी आणि पहिल्या पानावरची आठ स्तंभी बातमी यादीत एकाखाली एक, सारख्याच ऐटीत बसलेल्या असतात.

दृक्श्राव्य माध्यमांत तर उरले काय हाच मोठा प्रश्न आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासानुसार, १९१२ ते १९२९ या काळातील अमेरिकन कथाप्रधान मूकपटांपैकी सुमारे १४ टक्केच मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत. अमेरिकेतील वाहिन्यांच्या रोजच्या सायंकाळच्या बातम्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ५ ऑगस्ट १९६८ पासून चित्रफितीवर उतरवून ठेवायला घेतल्या; त्याआधीच्या बातम्यांसाठी लिखित संहिता आणि वृत्तपत्रांतील उल्लेख यांवर बरीचशी भिस्त ठेवावी लागते. म्हणजे दूरचित्रवाणीविषयी वृत्तपत्राची साक्ष. मघाच्या रेडिओच्या प्रकरणानंतर ही साक्ष किती सांभाळून घ्यायची, हे वेगळे सांगायला नको.

मूल्यमापनाच्या तपासण्या पुष्कळ आहेत. प्रकाशनाचा काळ, लेखकाचा अधिकार, हेतू, अचूकता यांचे रकाने भरून गुण द्यायचे, असा एक प्रकार ग्रंथालयांनी बराच रुजवला. त्याची मर्यादा स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासाने चांगली दाखवून दिली. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली. त्यांत बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पाने होती : एक जुनी आणि फार मोठी, दुसरी २००२ मध्ये तिच्यातून फुटलेली छोटी. विद्यार्थी आणि कित्येक इतिहासकारही त्या पानावरच रेंगाळले. मांडणी, भाषा, तळटीपा पाहत राहिले, आणि फसले. तथ्यतपासनीस क्षणभरात ते पान सोडून बाहेर पडले आणि या संघटनेविषयी इतर काय म्हणतात ते शोधू लागले. कसलेले वाचकही येथे चुकले याचे मला फार अप्रूप वाटले, कारण पान बारकाईने वाचणे ही त्यांची जन्मभराची शिस्त आहे. परके पान स्वतःविषयी जे सांगते ते कितीही बारकाईने वाचले तरी ते त्याचेच म्हणणे असते.

छापील संशोधनालाही हेच लागू आहे, फक्त तिथे बाहेर पडायचे ते तळटीपेच्या वाटेने. संवादकौशल्याच्या असंख्य पुस्तकांत सांगितलेले असते की संवादाचा ७ टक्के भाग शब्दांत, ३८ टक्के आवाजात आणि ५५ टक्के चेहऱ्यावर असतो. एका तळटीपेवरून दुसरीकडे असे मागे जात राहिले की वाट अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन शोधनिबंधांशी येऊन थांबते. त्यांतील एका प्रयोगात ‘मेबी’ हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून ऐकवला होता आणि सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली होती. बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच ऐकणाऱ्याने ओळखायचे होते. हे सूत्र भावना आणि आवडीनिवडी यांच्यापुरतेच आहे, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलेले आहे. तरी वर्गात, व्याख्यानात, प्रबंधात ते आकडे निर्धास्त वावरतात, कारण प्रत्येक जण आपल्या आधीच्याचा हवाला देतो आणि मुळापर्यंत कुणी जात नाही. एखादा संदर्भ शंभर वेळा उद्धृत झाला म्हणजे तो शंभर वेळा वाचला गेला असा अर्थ होत नाही.

तज्ज्ञ-परीक्षण झालेल्या नियतकालिकात छापले आहे, एवढ्यावर थांबणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. ‘कम्युनिकेशन रिसर्च’ हे या क्षेत्रातले मान्यवर नियतकालिक. व्हिडिओ गेम आणि नेमबाजी यांच्या संबंधावरचा, त्यातच प्रसिद्ध झालेला एक लेख मूळ विदेतील (डेटातील) विसंगतींचा उलगडा न झाल्याने २०१७ मध्ये मागे घेण्यात आला. ज्याने तो आधीच उतरवून आपल्या संगणकात ठेवला होता, त्याच्या प्रतीवर अर्थातच असा शिक्का उमटलेला नाही. म्हणून लिखाण पूर्ण होण्याआधी मुख्य संदर्भ पुन्हा एकदा प्रकाशकाच्या पानावर जाऊन पाहणे हा आळस झटकून पाळण्याजोगा नियम आहे. संगणकीय संवादकांनी (चॅटबॉटांनी) पुरवलेल्या संदर्भसूचींमुळे त्यात आणखी एक काम वाढले आहे : लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्षही पटण्यासारखे, आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असा हवाला आता सर्रास दिसतो. त्यावरचा इलाज जुनाच आहे. नियतकालिकाचा तो खंड, तो अंक उघडावा आणि त्या पृष्ठावर काय आहे ते पाहावे. खंड आपल्याकडे नसेल तर आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवावा.

राहता राहिली नोंद. लेखाचे नाव आणि दिनांक सगळेच लिहून ठेवतात. माध्यमांच्या अभ्यासकाने त्याच्याशेजारी आणखी काही टिपले पाहिजे : छापील अंक पाहिला, मायक्रोफिल्म पाहिली की डेटाबेसमधला मजकूर, आवृत्ती कोणती, संकेतस्थळ असेल तर कोणत्या दिवशी पाहिले आणि त्याची प्रत कुठे जतन केली. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधील पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या संकेतपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी नाहीशी झालेली आढळली, त्यामुळे हे शेवटचे काम पुढे ढकलता येत नाही. आणि जे शोधूनही मिळाले नाही त्याचीही नोंद हवी, नेमक्या शब्दांसह, वर्षांच्या मर्यादेसह आणि दिनांकासह. डेटाबेसांत दर महिन्याला नवी पाने भरली जातात. कोणत्या शब्दांनी, कुठवर आणि केव्हा शोधले हे लिहिलेले असेल, तर दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाला तेथूनच पुढे शोध घेता येतो.